तेल वास धरतं

लोक तेल कशातून घेऊन येतील, याचा काही नेम नसायचा. खोकल्याच्या औषधाची बाटली, सरबताची बाटली, बाळाची दुधाची बाटली तिच्या बुचासकट. एका गृहस्थांनी तर त्र्यंबकेश्वरहून आणलेल्या तीर्थाचा गडू रिकामा करून त्यातून खोबरेल आणलं होतं. भांडं पवित्र असलं की तपासणीही चांगली होईल, अशी त्यांची समजूत. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आमची काचेची, भट्टीत तापवून कोरडी केलेली बाटली हातात ठेवली. तेल पुन्हा आणावं लागेल म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. गडूत काय वाईट होतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षं खाद्यतेलं तपासली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कुणाच्या घरी गेले की माझं लक्ष आधी ओट्यावरच्या तेलाच्या बुधलीकडे जातं. नातेवाईक आता मला स्वयंपाकघरात फारसं येऊ देत नाहीत. लग्नकार्यात जेवताना कुणी ना कुणी हमखास विचारतं, काय हो, तेल बरं आहे का? मी पुरी खात खात सांगते की जिभेला कळत नाही, यंत्राला कळतं. मग ते हिरमुसतात.

एका मिसळवाल्यांची गंमत सांगायलाच हवी. त्यांनी समोरच्या दुकानातली तर्री डब्यातून आणली होती. त्या तेलात नक्की काहीतरी भानगड आहे आणि ती कागदावर यावी, एवढीच त्यांची इच्छा. आम्ही मसाल्यातून तेल वेगळं काढलं, तपासलं, आणि त्यात वावगं काही निघालं नाही. अहवाल घेताना बिचारे इतके खिन्न झाले की मला वाईट वाटलं. जाताना दारातून परत वळले आणि हळूच म्हणाले, ते लोक कुठलं तेल वापरतात तेवढं सांगता का. आमच्याकडून काही कळणार नाही म्हटल्यावर नमस्कार करून गेले.

दुसरे एक निवृत्त मुख्याध्यापक. घरच्या तिळाचं तेल त्यांनी स्वतः काढून आणलेलं. आमच्या अहवालात प्रत्येक रसायनापुढे ‘आढळले नाही’ असं छापलेलं असे. त्यावर त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. ‘आढळले नाही’ नको, ‘नाही’ लिहा, म्हणाले, आणि खाली ‘शुद्ध’ असा शिक्का द्या. ‘शुद्ध’ हा शब्द आमच्या प्रयोगशाळेत कुणी कधी लिहिला नाही. आम्ही अमुक इतकं बारीक पाहिलं आणि त्यात हे दिसलं नाही, एवढंच आम्ही सांगू शकतो. त्याहून बारीक काही असेल तर ते आम्हाला दिसणार नाही. मुख्याध्यापकांना हा कामचुकारपणा वाटला. मला मात्र त्या ‘आढळले नाही’चा अभिमान होता, आणि त्या अभिमानापोटीच मी पुढे एकदा चांगलीच तोंडघशी पडले. हा लेख त्या प्रसंगाचा आहे.

बारीक म्हणजे किती, हे आधी सांगते. दहा टनांचा तेलाचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात चहाचे दोन चमचे भरून एखादं रसायन पडलं आणि सगळं नीट ढवळलं गेलं, तर दहा लाख भागांत एक भाग झाला. आम्ही त्याच्याही खाली जाऊन शोधत असू. कीटकनाशकाचा अंश, शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष, तेल काढायला वापरलेल्या द्रावकाचा उरलेला मागमूस, यंत्राच्या वंगणाचा थेंब, प्लास्टिकमधून उतरलेली रसायनं. तेलाचा स्वभावच असा की जे जवळ येईल ते पोटात घेतं. पाण्यात न विरघळणारी कितीतरी घाण तेलात सुखानं राहते. यंत्र काय करतं, तर तेलातून वेगळ्या काढलेल्या या पदार्थांना एका लांब, केसाएवढ्या बारीक नळीतून पळवतं. कोण किती वेळात बाहेर आलं त्यावरून आणि त्याच्या तुकड्यांवरून ते कोण हे ओळखतं, आणि कागदावर एक रेघ काढतं. काही नसेल तिथे रेघ सपाट, काही असेल तिथे उंचवटा. उंचवटा जेवढा मोठा तेवढं रसायन जास्त. समजायला एवढं पुरे.

या कामात सगळ्यात महत्त्वाचा नमुना कोणता असं मला नवीन मुली विचारत, तेव्हा मी सांगत असे, ज्यात तेलच नसतं तो. त्याला आम्ही कोरा नमुना म्हणतो. बाटल्या त्याच, द्रावकं तीच, हात तेच, फक्त तेल घालायचं नाही. त्यात काही उंचवटा दिसला तर तो आपल्या घरचा, गिऱ्हाइकाच्या तेलातला नाही. भावे सर, आमचे प्रमुख, यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली ही गोष्ट. रोज सकाळी आठला यायचं, कोरा नमुना तयार करायचा, यंत्राला लावायचा, मगच दुसऱ्या कशाला हात लावायचा. एकोणतीस वर्षांत हा नेम मी मोडला नाही.

स्वच्छतेबाबत मी कडक होते, थोडी जास्तच. पोरी मला मागून ‘सोवळ्याच्या बाई’ म्हणत आणि ते मला ठाऊक होतं. हाताला क्रीम लावायचं नाही. नेलपॉलिश नाही. अत्तर नाही. केसांत गजरा नाही, मग हळदीकुंकू असो की मंगळागौर. एका नव्या लग्न झालेल्या मुलीला तिच्या नवऱ्यानं प्रेमानं घेऊन दिलेला सेंट मी धुवून यायला लावला होता. ती नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. यंत्राच्या खोलीत यायचं तर अंगावर वास आणायचा नाही, असा माझा नियम होता.

आणि त्याच खोलीत, यंत्राच्या शेजारच्या फळीवर, गणपतीचा फोटो होता. यंत्र पहिल्यांदा आलं त्या दसऱ्याला मीच लावलेला. रोज नऊच्या सुमाराला सगळे जमले की मी हात धुवून दोन उदबत्त्या लावत असे. ह्यांची त्र्यंबकची फेरी महिन्याला ठरलेली. तिथल्या एका दुकानातल्या मोगऱ्याच्या उदबत्त्या ते माझ्यासाठी आठवणीनं आणायचे. पुड्यातून काढताना बोटांनाही मोगरा लागायचा. मग मी कामाला बसायची. माझ्या नियमाच्या यादीत देव नव्हता. देव वास आणतो असं कुणाच्या मनात येईल?

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सुनंदाताई आल्या. पेठ रोडवरच्या एका गावात त्यांचा लाकडी घाणा. घरची भाजीपाल्याची शेती होतीच. सासूबाईंच्या काळातला बंद पडलेला घाणा त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या जावेनं, मंदाताईंनी, मोटार बसवून पुन्हा चालू केला होता. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या बायका खुरासणीचं बी घेऊन त्यांच्याकडे येत. खुरासणी म्हणजे काळंभोर बारीक बी. डोंगरउतारावर तिची पिवळी फुलं फुलली की अख्खा उतार पिवळा होतो. तिचं तेल तिकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात. शहरातल्या लोकांना ते आता नव्यानं सापडलं आहे. मुंबईच्या एका मोठ्या दुकानवाल्यांनी सुनंदाताईंचं तेल संक्रांतीपासून विकायला ठेवायचं कबूल केलं होतं. त्यांची एकच अट होती, की तेलात प्लास्टिकच्या रसायनांचा अंश नसल्याचा अहवाल हवा.

ही तपासणी आमच्याकडे नुकतीच सुरू झाली होती. त्याआधीच्या महिनाभरात मी तिची जमवाजमव केली होती, काही तेलं लावूनही पाहिली होती, पण ते सगळं दुपारी, कारण सकाळी यंत्रावर नेहमीचं काम असे. सुनंदाताईंचा नमुना हा या तपासणीचा पहिला खरा नमुना. माझ्या दृष्टीनं तो मानाचा, म्हणून मी तो सकाळी, पहिल्या पाळीत घेतला.

कोरा नमुना स्वच्छ आला. रेघ सरळ, माझ्या मनासारखी. सुनंदाताईंच्या तेलात मात्र एक उंचवटा आला, नको त्या जागी. थॅलेट नावाच्या रसायनांचं एक कुटुंब आहे. प्लास्टिक मऊ करायला ती वापरतात. त्यातलाच एक भाऊबंद होता. मी नमुना दोनदा लावला, दोन्हीदा तेच. अहवाल लिहिला, सही केली.

सुनंदाताई अहवाल वाचून आल्या तेव्हा हातात कागदाची घडी आणि बरोबर गावची कोथिंबीर. कोथिंबीर मी परत केली, नियम म्हणून. त्यांनी शांतपणे विचारलं की आमचा घाणा लाकडाचा, तेल साठवायचं स्टीलच्या पिंपात, मग प्लास्टिक आलं कुठून. मी म्हटलं, हे शोधणं तुमचं काम, यंत्र खोटं सांगत नाही. आणि मग मी, मदत करायच्या हेतूनं, एक प्रश्न विचारला. बाटल्या भरायला नरसाळं कुठलं वापरता?

नरसाळं प्लास्टिकचं होतं. आणि बाटल्या मंदाताई भरत.

त्या एका प्रश्नानं काय झालं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. सुनंदाताईंनी स्टीलचं नरसाळं घेतलं, नवा नमुना आणला. तोही मी सकाळीच घेतला, कोरा नमुना पुन्हा स्वच्छ, तेलात पुन्हा तोच उंचवटा. आता मात्र सुनंदाताईंचा आवाज चढला. त्या म्हणाल्या की मंदा शपथेवर सांगते, मी नवंच नरसाळं वापरलं, जुनं पेटीत ठेवलंय. पण मग यंत्र दुसऱ्यांदा तेच का सांगतं? म्हणजे मंदाच खोटं बोलते. त्यांनी तिला घाण्यावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. घरात दोन चुली होतीलच आता, असंही त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले. मुंबईच्या दुकानवाल्यांनी तिसरा अहवाल स्वच्छ आला नाही तर नाव कमी करतो असं कळवलं होतं. डोंगरातल्या बायकांना हे कळलं तर त्या बी दुसरीकडे घालतील, याची वेगळी भीती.

मी त्यांचं सांत्वन केलं. कसं केलं ते आज आठवलं की अंगावर काटा येतो. मी म्हटलं, माणसाकडून चूक होते, ताई, समजावून सांगा त्यांना.

खरं तर खूण माझ्या समोर होती. थॅलेटच्या कुटुंबातला जो भाऊबंद मला दिसत होता, तो नळ्या-नरसाळ्यांत फारसा नसतो. तो सुगंधाच्या धंद्यात जास्त. अत्तरं, साबण, उदबत्त्या, यांतला वास टिकून राहावा म्हणून त्याला वापरतात. हे मी वाचलेलं होतं. नव्या मुलीच्या सेंटला मी बंदी घातली ती याच कारणानं. पण प्लास्टिकचं रसायन शोधायला बसले, प्लास्टिकचं रसायन सापडलं, आणि नरसाळं प्लास्टिकचं निघालं. सगळं इतकं जुळलं की मी आणखी विचार केलाच नाही.

तिसऱ्या वेळी सुनंदाताई स्वतः नमुना घेऊन आल्या. काचेची बरणी, स्वतःच्या हातानं भरलेली, वर धुतलेलं फडकं बांधलेलं. पहिल्या एसटीनं आल्या होत्या. नमुने घेण्याची खिडकी अजून उघडली नव्हती, म्हणून शिपायानं त्यांना माझ्या खोलीच्या दारापर्यंत आणलं. आत यायला मनाई होती, त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. नऊ वाजले होते. मी त्यांना हातानंच थांबा अशी खूण केली, पुड्यातून दोन उदबत्त्या काढल्या, पेटवल्या, गणपतीला ओवाळल्या, फळीवर लावल्या. मागे वळले तर सुनंदाताई माझ्याकडे बघत होत्या.

“मॅडम, तेलाचं काम असताना उदबत्ती लावता तुमी?”

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, रोज लावते.

“आमच्या सासूबाई घान्यापाशी कधी लावू देत नव्हत्या. कापूर बी नाय. देवाला निस्ता तेलाचा दिवा. त्या म्हनायच्या, तेल लय वास धरतं, दुसऱ्या दिवशी घास तोंडात घेतला की उदबत्ती लागती.”

हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत. आपल्या कामातली साधी गोष्ट सांगावी तसं बोलल्या. बरणी त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी ती घेतली, त्या मोगऱ्याच्या बोटांनी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी स्टुलावर बसले.

कोरा नमुना मी आठला लावत होते, उदबत्तीच्या आधी. तेलाचे नमुने नऊनंतर हाताळत होते, उदबत्तीच्या नंतर. तपासणीची जमवाजमव दुपारी केली, तेव्हा उदबत्ती विझून गेलेली आणि हात पाच वेळा धुतलेले. एकोणतीस वर्षांचा माझा नेम आणि माझी भक्ती, दोन्ही अगदी वेळेवर, आणि त्या दोन्हींच्या मधल्या फटीत त्या दोन बायकांचा घाणा अडकला होता.

सुनंदाताईंना मी तेव्हा काही सांगितलं नाही. खात्री नसताना बोलायचं नाही, हे एव्हाना मला चांगलंच कळलं होतं. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. भावे सरांना सांगितलं. ते खुर्चीवरून उठून खोलीत आले, उदबत्तीच्या पुड्याचा वास घेतला आणि म्हणाले, आज दिवसभर यंत्र तुझं. मग मी दोन कोरे नमुने केले. एक उदबत्ती हाताळून, एक हात धुवून, दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडून. पहिल्यात तेल नव्हतं तरीही तोच उंचवटा आला, त्याच जागी, तितकाच ताठ. दुसऱ्यात रेघ सपाट. मग सुनंदाताईंच्या बरणीतलं तेल त्या दुसऱ्या खोलीत घेतलं. रेघ सपाट. आधीच्या दोन्ही नमुन्यांचं तेल आम्ही नियमाप्रमाणे राखून ठेवलं होतं, तेही घेतलं. सपाट. मंदाताईंनी प्लास्टिकच्या नरसाळ्यातून भरलेला पहिला नमुनासुद्धा.

अहवाल मागे घ्यायचा तर पत्र द्यावं लागतं, गिऱ्हाइकाला आणि त्यांच्या खरेदीदारालाही. मी मसुदा लिहिला, ‘तांत्रिक कारणास्तव आधीचे दोन अहवाल रद्द करण्यात येत आहेत.’ सरांनी तो वाचला आणि मला परत दिला.

“शैला, कुठलं तांत्रिक कारण?”

ते म्हणाले, तुला जे कळलं ते लिही, मी सही करतो. प्रयोगशाळा त्यांची, नाव त्यांचं, बाजारात हसं झालं असतं तर त्यांचं झालं असतं. तरी त्यांनी आवाज चढवला नाही, की मला त्या कामावरून हलवलं नाही. मी लिहिलं, ‘तपासणीच्या खोलीत उदबत्ती लावण्याच्या आमच्या पद्धतीमुळे ही रसायने नमुन्यात आमच्याकडून मिसळली गेली. तेलाचा यात काही दोष नाही.’ खाली सरांची सही आणि त्याखाली माझी. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, माझ्या नशिबात दुसरा कुणी प्रमुख असता तर त्या पत्रात तांत्रिक कारणच राहिलं असतं, आणि मीही ते राहू दिलं असतं. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मुंबईच्या दुकानवाल्यांनी स्वतः आणखी एका ठिकाणी तेल तपासून घेतलं. ते स्वच्छच निघालं. संक्रांत हुकली, पण फाल्गुनात पहिल्या बाटल्या गेल्या. गणपती आम्ही स्वागतकक्षात हलवला. पोरींनी मला एका शब्दाचाही टोमणा मारला नाही, हे त्यांचं मोठेपण. ती सेंटवाली मुलगी तर त्या दिवशी माझा डबा स्वतः गरम करून घेऊन आली.

पत्र घ्यायला सुनंदाताई आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर उभं राहून ते वाचून दाखवलं. माफी मागितली. त्यांनी पत्राची घडी घालून पिशवीत ठेवली. रागावल्या नाहीत. पिशवी काखेला लावली आणि म्हणाल्या,

“हे मला दिलं तुमी. मंदाला कोन देनार?”

मंदाताई त्यांच्याशी महिनाभर बोललेल्या नव्हत्या. सुनंदाताईंनी पत्र दाखवलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आता काम अडलं म्हणून गोड बोलते. पत्र इंग्रजीत आणि मराठीत, दोन्ही भाषांत होतं, पण मंदाताईंना कागद नको होता.

पुढच्या रविवारी मी गेले. ह्यांनी स्कूटरवरून सोडलं आणि ते मुद्दाम फाट्यावरच थांबले, हे तुझं तू निस्तर म्हणाले. घराच्या ओसरीवर मंदाताई उद्याच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. चाळिशीच्या, सडपातळ, हात भराभर चालणारे. सुनंदाताई मागे खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. उदबत्ती, बोटं, आठ वाजताचा कोरा नमुना, नऊ वाजताची पूजा. नरसाळ्याचा प्रश्न मी विचारला हेही सांगितलं. तुमच्या हातून काहीच चुकलं नव्हतं, चूक माझ्या हातून झाली, असं दोनदा म्हटलं. मंदाताई ऐकत होत्या आणि जुड्या बांधत होत्या. माझं बोलणं संपलं तरी हात थांबले नाहीत. मग खाली बघूनच म्हणाल्या,

“मला ठाव व्हतं मी नाय केलं. पन मशिनीनं दोनदा सांगितलं म्हनल्यावर मलाच वाटाया लागलं, आपन केलं असंल, आपल्यालाच आठवत नसंल.”

मी आयुष्यात कितीतरी अहवालांवर सह्या केल्या. तेल फेटाळलं गेलं, माल परत गेला, लोक ओरडून गेले, ते सगळं मला पचलं होतं. पण एका माणसानं माझ्या सहीमुळे स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडला, हे मला तोपर्यंत कधी समजलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मंदाताईंनी आतल्या मुलीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

सुनंदाताई खांबापासून निघाल्या, जावेच्या शेजारी येऊन बसल्या आणि ढिगातली कोथिंबीर पुढे ओढून जुड्या बांधायला लागल्या. मलाही उठून जावंसं वाटेना, म्हणून मीही थोडी कोथिंबीर घेतली. माझ्या जुड्या सैल होत होत्या. मंदाताई त्या एकेक उचलत होत्या, दोरा सोडत होत्या आणि पुन्हा नीट बांधून माझ्याच ढिगात परत ठेवत होत्या.